पिशवी कधी उघडायची

३ जानेवारी
बागवाल्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय. लग्नाआधीचे फोटो बर्फात हवेत, स्पितीला. काका म्हणाले, "मुग्धा, तू चल माझ्याबरोबर. थंडीत कॅमेरा कसा सांभाळायचा ते तूच वाचत असतेस."
हेमंतदादा हसला. काकांचा मुलगा, स्टुडिओ पुढे त्याचाच. "दापोलीत स्वेटर घालायची वेळ येत नाही, आणि ही थंडीची मास्तरीण!"
बाबा गेल्यापासून कॅमेरा काकांनीच हातात दिला. दमटपणापासून तो कसा जपायचा ते त्यांच्याकडून शिकले. बर्फ मात्र आमच्यात कुणीच पाहिलेला नाही. झोप नाही.

६ जाने.
तालीम. बुरोंडीच्या वाटेवर मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे. उणे अठरा. बॅटऱ्या मी बनियनला आतून शिवलेल्या खिशात ठेवल्या, अंगाशी. दादाची जाकिटाच्या वरच्या खिशातली बॅटरी लगेच बसली. सुरमईच्या खोक्यांचे फोटो काढताना तिथला माणूस म्हणतो, "काय गो, म्हावऱ्याचा लगीन हाय काय?"
बाहेर येण्याआधी आतच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. हवा काढली, रबर लावलं. दादाला दोनदा सांगितलं, बाहेरच्या उबेत पाणी पिशवीवर धरू दे, कॅमेऱ्यावर नको. पिशवी बाहेरून सुकली की मगच उघड.
अंगाला मासळीचा वास, म्हणून मी घरी उतरले. पिशवी दादाकडे.

७ जाने.
कॅमेरा गेला.
सकाळी दुकानात तो बल्बच्या डब्यात होता. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून आम्ही ठेवतो, तसा. म्हणजे गार असतानाच पिशवी उघडली, ओल दिसली, म्हणून उबेला ठेवला. आत पाणी सुटलं असणार. पिशवी डब्याशेजारीच पडलेली.
दादा माझ्यासमोर काकांना म्हणाला, "हिनेच गाडीत उघडली. फोटो बघायची घाई."
"काका, मी नाही."
काका लेन्स पुसत राहिले.

८ जाने.
रबर नीट लावलं होतं ना मी? लावलं होतं. ओढून पाहिलं होतं.
असं स्वतःलाच विचारायला लागले, याचाच राग येतोय.

१२ जाने.
काका म्हणाले, "दुसरा कॅमेरा घेऊन हेमंत येईल माझ्याबरोबर. तू दुकान बघ. पासपोर्ट फोटोंची गर्दी असते." गर्दी कसली, जानेवारीत.
काकू म्हणाली, "ते खिसे तेवढे त्याच्या बनियनला लावून दे गो. तुझा हात बारीक चालतो."
माझ्या बनियनचे उसवले. त्याच्या बनियनला लावले. टाके घट्ट घातले. सैल घालता आले असते.

१९ जाने.
संध्याकाळी काकांचा फोन. स्पितीहून. आवाज तुटत होता.
"आत्ताच खोलीवर आलोय. बाहेर मरणाची थंडी, इथे शेगडी. पिशवी उघडू का गो?"
"वर ओल आहे?"
"आहे."
"मग नको. पूर्ण सुकू दे. शेगडीपासून लांब ठेवा."
"बरं." मग मागे कुणाला तरी, दादालाच, दरडावून, "हात लावू नको. मुग्धा सांगेल तेव्हा."
मी फोन धरून उभी. म्हणजे काकांना माहीत होतं, पिशवी कुणी उघडली ते. त्या दिवशी लेन्स पुसतानाही माहीत होतं.
"काका..."
"हां, बोल."
शेगडीचा आवाज येत होता.
"सुकली की फोन करा," म्हटलं.
अजून आलेला नाही.