काळी पट्टी, साधी काच

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून ऑनलाइन अर्ज बंद. दोन वर्षं अर्ज करून बोटं झिजली, उत्तर एकाचंही नाही. एक आलं होतं, पण ते पासवर्ड बदलल्याचं होतं. ताई म्हणाली, घरात बसून बटणं दाबण्यापेक्षा उठून चार ठिकाणी जा, तोंड उघडून विचार काम आहे का. समोर माणूस उभा दिसला की नाही म्हणायला लोक जरा तरी लाजतात. हे मी तिला सांगणारच होतो. ती आधी बोलली एवढंच.

ताईला घाई आहे त्याचं कारण असं. तिच्या ऑफिसने तिला दुसऱ्या शहरातल्या नव्या शाखेत वरच्या पदावर बोलावलंय. हो की नाही ते २५ तारखेपर्यंत कळवायचं. चार वर्षांपूर्वी असंच बोलावलं होतं, पण तेव्हा बाबा नुकते गेले होते आणि मी शिकत होतो, म्हणून ती राहिली. या वेळी तिचं म्हणणं, तू इथे कुठेही चिकटलास की मी जाते, घर आणि आई तू बघ. मी म्हटलं, २५ फार लांब आहे, मी १० पर्यंतच उरकतो. काळ्या दगडावरची रेघ.

संकल्प: रोज तीन ठिकाणं. आठवड्याला अठरा. रविवारी विश्रांती.

४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस तयारीत गेले. अति घाई संकटात नेई.

बायोडेटा एका पानात बसवला. ‘छंद’ या शब्दापुढे काय लिहावं यात कालची दुपार गेली. शेवटी ‘लोकांशी संवाद’ लिहिलं. खाली जागा उरली, तिथे काय टाकू असं ताईला विचारलं. तिने ओळ सांगितली: त्वरित रुजू होण्यास तयार. चांगली आहे. ठाम वाटते.

आईने शर्टाला इस्त्री करून दिली. घातला नाही. उद्यापर्यंत चुरगळला असता.

५ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १२

वेळेचा अभ्यास केला. सकाळी दुकान उघडताना मालक गडबडीत असतो. दुपारी जेवून जडावलेला असतो. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं. सोमवारी तो चिडलेला, शनिवारी दमलेला. सगळं वजा करता मंगळवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते साडेअकरा ही वेळ उरते. हे लक्षात आलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मोहीम सुरू. ठिकाण पहिलं: बुटांचं दुकान. मालकाने मान वर करून विचारलं, काय दाखवू. इतका थेट प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी म्हटलं, नऊ नंबर. काळे बूट घेतले. इंटरव्ह्यूला लागणारच होते, तेव्हा भेट वाया गेली असं म्हणता येणार नाही.

ठिकाण दुसरं: लाँड्री. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कपडे कुठेत. मी म्हटलं, आणतो. घरी येऊन कपडे घेऊन गेलो. गडबडीत आईने इस्त्री केलेला शर्टही त्यात गेला. सोमवारी मिळेल. तोपर्यंत बाहेर पडणं शक्य नाही.

तिसरं ठिकाण पुढच्या आठवड्यात भरून काढू.

९ सप्टेंबर, सोमवार

शर्ट मिळाला. पण सोमवार. वर नोंद केलीच आहे.

आई म्हणाली, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. स्वतः आई असून असं म्हणाली.

१० सप्टेंबर, मंगळवार

हीच ती दहा तारीख. ताईने आठवण करून दिली नाही, मीही विषय काढला नाही.

मात्र आज मोठा शोध लागला. कोपऱ्यावर फोटो फ्रेम करून देणाऱ्याचं दुकान आहे. दाराला पुठ्ठा लावलाय, त्यावर हाताने लिहिलंय: माणूस पाहिजे, आत विचारावे. आत विचारावे असं ते स्वतःच म्हणतात, म्हणजे अर्धं काम त्यांनीच केलं. समोरच्या फुटपाथवर पंचवीस मिनिटं उभं राहून निरीक्षण केलं. आत जाण्याआधी कंपनीची माहिती काढावी, असं सगळीकडे सांगतात. मालक वयस्कर, एकटेच, चष्मा कपाळावर. एका हाताने काच कापतात आणि मान वळवून गिऱ्हाइकाशी बोलतात. मदतीची गरज स्पष्ट आहे.

माहिती पुरेशी मिळाल्यामुळे घरी आलो.

११ सप्टेंबर, बुधवार

आरशासमोर वाक्य पाठ केलं. नमस्कार, बोर्ड वाचला, मी कामासाठी आलोय. तीस वेळा म्हटलं. एकदाही अडखळलो नाही. आईने बाहेरून विचारलं की कोण आलंय.

११.०५ ला आत शिरलो. फ्रेमवाल्या काकांनी विचारलं, बोला, काय करायचंय. मी तोंड उघडलं आणि ‘फ्रेम’ म्हणालो. त्यांनी हात पुढे केला. फाईल उघडली तर सगळ्यात वर पदवीचं सर्टिफिकेट होतं. ते दिलं. त्यांनी मोजलं, पावती दिली.

तसं पाहिलं तर सर्टिफिकेट त्यांच्या हातात पडलंच. काम मागायला जाणारा आणखी काय करतो?

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सर्टिफिकेट घ्यायला गेलो. काकांशी वीस मिनिटं गप्पा. त्यांची पाठ दुखते. काउंटर आणि कापायचं टेबल दोन्हीकडे बघणं एकट्याने होत नाही. म्हणाले, हल्ली विचारायलाच कुणी येत नाही हो, सगळ्यांना मोबाईलवरून मेसेज टाकायचा असतो. मी म्हटलं, खरंय काका, आजकालच्या मुलांना तोंड उघडायला नको. त्यांना फार पटलं.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही बोर्ड वाचून आलात का? मी म्हटलं, छे छे, मी गिऱ्हाईक.

असं का म्हणालो ते सांगता येत नाही. लाज वाटली असंही नाही. काहीच वाटलं नाही. पण शांतपणे विचार करता ते योग्यच झालं. आधी ओळख, मग काम. पाया घातल्याशिवाय कळस कसा चढणार?

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी चहा पिताना ताईने विचारलं, काही जमतंय का. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या फ्रेमच्या दुकानात बोलणं चालू आहे, मालक माझ्यावर खूश आहेत. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

ताईने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग स्टूल घेतलं, माळ्यावरची मोठी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि खिडकीत उन्हाला ठेवली. दिवसभर मधूनमधून तिथे जाऊन तिची चेन उघडत होती, लावत होती. आईने विचारलं, पगार किती देणार आहेत. मी म्हटलं, त्या गोष्टी शेवटी निघतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नवी पद्धत. बोलायचंच नाही. बायोडेटा सरळ समोर ठेवायचा. कागदच बोलेल.

माझ्या आधी दोघं होते. नंबर आल्यावर बायोडेटा काउंटरवर ठेवला, अक्षरं काकांच्या बाजूला करून. त्यांनी हात पुसले, कपाळावरचा चष्मा खाली आणला आणि पट्टी लावून लांबी-रुंदी मोजली. विचारलं, फ्रेमला काळी पट्टी की तपकिरी? त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हटलं, काळी. काच साधी की चमक न मारणारी? म्हटलं, साधी. शनिवारी मिळेल म्हणाले.

आधी जरा सुन्न झालो. घरी चालत येताना मात्र लक्षात आलं की हे जास्त हुशारीचं आहे. कापताना, चिकटवताना, काच पुसताना ते वाचणारच. कुठला मालक एका बायोडेटाला इतका वेळ देतो?

१८ सप्टेंबर, बुधवार

बोर्ड आहे. समोरून पाहिला.

१९ सप्टेंबर, गुरुवार. ११.१५

बोर्ड आहे. बूट चावतात.

२० सप्टेंबर, शुक्रवार

बोर्ड नाही. पुठ्ठाच तो, वाऱ्याने पडला असेल. काउंटरवर एक बाई बसल्या होत्या, पावती लिहीत होत्या. काकांच्या नात्यातल्या असाव्यात. काका आत टेबलावर निवांत काम करत होते. मालक निवांत असणं आपल्या फायद्याचं.

२१ सप्टेंबर, शनिवार

फ्रेम आणायला गेलो नाही. डाव्या टाचेला फोड आलाय.

ताईने ऑफिसात तोंडी होकार देऊन टाकला. लेखी बुधवारी देणार. बॅगेसाठी छोटं कुलूप आणलंय. म्हणाली, जायच्या आधी तुझ्या मालकांना एकदा भेटून येते, माझ्या भावाला घेतलंत, आभारी आहे म्हणते. मी म्हटलं, ते फार कामात असतात. ती म्हणाली, दोन मिनिटं तर लागतील.

२२ सप्टेंबर, रविवार

विश्रांती.

२३ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.२०

ताई ऑफिसातून येताना दुकानात गेली. माझ्या फाईलमधली पावती तिने सकाळीच काढून घेतली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काखेत धरून घरी आली. चपला काढता काढता सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

काकांनी म्हणे माझं कौतुक केलं. मुलगा फार सभ्य, दर दोन-चार दिवसांनी येतो, फ्रेमची आवड असलेली माणसं हल्ली कमी. ताईने विचारलं, मग तो कधीपासून कामाला यायचाय? काकांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. म्हणाले, तीन आठवडे बोर्ड लावला होता. गुरुवारी दुपारी या बाई आल्या, दारातूनच म्हणाल्या, बोर्ड वाचला, मला काम हवंय, कधीपासून येऊ. मी म्हटलं, उद्यापासून. संपलं. तुमच्या भावाला तर मी माझ्या तोंडाने विचारलं होतं.

बायोडेटा त्यांनी खरंच वाचला होता, शेवटपर्यंत. त्यांना वाटलं, पोराला कुठेतरी नोकरी लागली असेल, म्हणून हौसेने फ्रेम करून घेतोय.

कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. माझंच वाक्य होतं ते. मी तीस वेळा पाठ केलं होतं.

ताईने एकच विचारलं. मागितलंस का काम, एकदा तरी? मी म्हटलं, विषय निघाला नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ११.१०

माझ्या अभ्यासाप्रमाणे ही भेटीची वेळ आहे.

ताईने सकाळी ऑफिसला फोन करून ‘नाही’ असं कळवलं. आईने विचारलं, पुन्हा बोलावतील ना गं? ताई म्हणाली, तिसऱ्यांदा कोण बोलावतं. मग मला म्हणाली, स्टूल धर. मी धरलं. बॅग रिकामीच होती, तरी माळ्यावर सरकवायला तिला वेळ लागला. खाली उतरली, हात धुतले आणि रोजच्या बसने रोजच्या ऑफिसला गेली. कुलूप टेबलावरच राहिलंय.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं. पाच-दहा मिनिटं टिकलं.

फ्रेम कुठे ठेवायची म्हणून आईने विचारलं, मग स्वतःच बाबांच्या कॅलेंडरच्या जुन्या खिळ्याला लावून टाकली. माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर आली. काकांनी काम सुरेख केलंय, कुठे बुडबुडा नाही की सुरकुती नाही. बसल्या जागेवरून सगळं वाचता येतं. नाव, शिक्षण, छंद लोकांशी संवाद. फक्त ताईने सांगितलेली ती शेवटची ओळ, त्वरित रुजू होण्यास तयार, तेवढी दिसत नाही. काच साधी घेतल्यामुळे खिडकीचा उजेड नेमका तिच्यावर पडतो. उठून जवळ गेलं तर दिसेल.