उजव्या कानाची रेकॉर्ड

प्रिय सुमन,

परवा वेस्ट विंडसरमध्ये तुझ्या स्मरणसभेत आपल्या मुलाने, निखिलने, सांगितलेली एक हकीकत साफ चुकीची होती. सभेत मी गप्प बसलो. म्हणून आज हे पत्र.

तो म्हणाला, "आईला तो बँड आवडायचा, पण फक्त सुरुवातीचा. सिक्स्टीजमधल्या त्या फेमस अल्बममध्ये त्यांचा साउंड बदलला आणि आई मागेच राहिली. कॉलेजात असताना मी तिला स्टिरिओ कॉपी गिफ्ट दिली, हेडफोन लावून दिले. सतार जोरात वाजतेय आणि आई विचारते, 'यात सतार कुठे आहे रे?'"

लोक हसले. तोही हसला, पण नंतर त्याने चष्मा काढून पुसला.

सतार डावीकडे होती, सुमन! त्या स्टिरिओ प्रतीत गाणाऱ्याचा आवाज उजव्या बाजूला आणि सतार पूर्णपणे डाव्या बाजूला होती. तुझा डावा कान तर लहानपणीच, गालगुंडाच्या तापात, कायमचा गेलेला.

आणि तू मागे राहिलीस? तुझे त्या बँडवरचे प्रेम त्याच अल्बमपासून सुरू झाले! आधीच्या गाण्यांना तू 'गोड पोरांची गोड गाणी' म्हणत असस. मग जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात तुला त्या अल्बमची मोनो प्रत मिळाली. सगळे आवाज एकत्र, म्हणजे तुझ्या एका कानात पूर्ण गाणे.

"अहो, ऐका तरी! उलटी फिरवलेली टेप, मध्येच सतार..."

"हा गोंधळ आहे," मी म्हणालो.

"गोंधळ नाही हो. मोठी झालीयेत ती पोरं."

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

तिकडे भारतात गाडीत चालकाशेजारी बसले, की त्याच्याकडे तुझा उजवा कान येई, इथे अमेरिकेत डावा. म्हणून निखिल गाडी चालवू लागल्यापासून तू मागे, त्याच्याच सीटमागे बसू लागलीस, म्हणजे उजवा कान गाडीच्या आतल्या बाजूला. "आई, मी काय तुझा ड्रायव्हर आहे?" तो चिडे. तू हसून म्हणत असस, "मला मागेच बरं वाटतं."

डावा कान लहानपणीच गेल्याचे निखिलला कधी सांगायचे नाही, ही शपथ का घातलीस मला? "पोराला माझी कीव यायला नको," एवढेच तुझे कारण! कीव टळली, सुमन. पण तिच्या जागी दुसरेच काही त्याच्या मनात घर करून बसले. सभेनंतर स्वयंपाकघरात त्याने मला विचारले, "बाबा, खरं सांगा. आईला माझं बोलणं बोअर व्हायचं का?"

इथल्या मराठी मंडळाचा अंक तपासताना चुकलेला अनुस्वारही मला सहन होत नाही. पन्नाशीच्या मुलाच्या मनातली एवढी मोठी चूक मी तशीच राहू देऊ?

तुझी शपथ मी मोडणार आहे. रागव. तुझा राग ऐकायला मिळाला असता तर किती बरे झाले असते!

त्याला सांगण्यापूर्वी काळाच्या नोंदी दुरुस्त करून ठेवतो.

कान गेला: वयामुळे तुला कमी ऐकू येऊ लागले असे तो समजतो; पण म्हातारपणी नव्हे, तू दुसरीत असताना.

रेकॉर्ड घेतली: त्याच्या जन्मानंतर नव्हे, अमेरिकेतल्या आपल्या पहिल्या हिवाळ्यात.

शेवटची ऐकली: आजारपणाच्या आधी नव्हे, तू जाण्याच्या आदल्या रविवारी. रेकॉर्ड संपल्यावर निखिल आला, त्याला तू खुणेने पलंगाशी तुझ्या उजव्या बाजूला बसवून घेतलेस. त्याला वाटले, खुर्ची तिकडे होती म्हणून. खुर्ची तुझ्या सांगण्यावरून मीच तिकडे ठेवली होती.

निखिलला सांगणे: येत्या रविवारी, त्याच्या गाडीत. मी पुढे, त्याच्या शेजारी बसेन.

तुझा,
माधव