ताईच्या दारातला लिंबाचा डहाळा

९ नोव्हेंबर २००९, सोमवार
खेडच्या घाटात शेठ, नारायणगावचे कांद्याचे आडते, माझ्या शेजारी झोपले. मास्क तोंडावरच. घाटाखाली गाडी थांबली तवा बॉलपेननं त्याच्यावर मिशा काढल्या, चांगल्या पिळदार. तशेच पुण्यात डायलिसिसच्या मशीनच्या हॉलमधी शिरले. सिस्टर भिंतीला टेकून हसती. शेठला पत्ताच नाय. परत येताना चाकणच्या पुढं आरशात दिसलं त्यांना.
म्हणले, "गण्या, आमच्या जैन धर्मात तोंडाला पट्टी बांधत्यात ती जीव वाचवायला. तू तिच्यावर सलून टाकलं."
मागं मंदाताई एवढी हसली की तिला धाप लागली. मग तिची नजर मधल्या सीटवर गेली.
तिथं आप्पा बसायचे. दिवाळीच्या आधी गेले. दर सोमवार-गुरुवार मशीनवर माझ्या गाडीतनं तिघं नेत व्हतो, आता दोघं. त्या सीटवर पिशव्या ठेवत्यात. बसत कुणी नाय.

१२ नोव्हें., गुरुवार
ताईचं ठरलं. संक्रांत झाली की आपरेशन. तिची आई किडनी देणार. सगळ्या तपासण्या जुळल्या. मी तिला मावशी म्हणतो. मावशी वर पठारावर आणे गावात एकटीच ऱ्हाती, चार शेळ्या हायेत. आज डॉक्टरला भेटायला आली व्हती. डॉक्टरनं इचारलं, भीती वाटती का. म्हणली, "देवानं दोन दिल्या. एक हिच्या नावाचीच असंल."
डॉक्टर ताईला म्हणले, तवर ताप नको, खोकला नको. पुण्यात स्वाइन फ्लू हाये, गर्दीत जायचं नाय. ताप आला तर तारीख गेली. आन तारीख लई लांब जाणं हिला परवडायचं नाय.
हे शेवटचं त्यांनी बारीक आवाजात दाजींना सांगितलं. दाजी म्हंजे ताईचा नवरा. मी शेजारीच व्हतो.
मावशीनं सगळ्यांना कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या दिल्या, हुंगायला. मी शेठच्या पुरचुंडीत लसूण घातला.

१९ नोव्हें.
येताना ताईला शिनोलीत दारात सोडतो. आज बघतो तर घरात बाजार. ताईला बघायला आलेली माणसं. कुणी केळी आणली, कुणी शहाळी. ताईला केळंबी चालत नाय, शहाळंबी नाय, त्यानं हृदय बंद पडतं. हे गावाला कुणी सांगायचं. एक म्हातारं खाटंवर टेकून खोकतंय आन इचारतंय, "पोरी, बरी हायेस ना?"
दाजींना बाहेर नेलं. म्हणलं, यांना येऊ नका म्हणून सांगा.
दाजी म्हणले, "कसं सांगू राव? माझा बाप गेला तवा हीच माणसं खांद्याला व्हती."
खरंय. आमच्यात दुखणाईताला बघायला गेला नाय तर नातवापर्यंत उकरून काढत्यात.

२३ नोव्हें., सोमवार
आयडिया सापडली. गाडीत सांगितली.
"ताई, दारावर लिंबाचा डहाळा लाव. चिऊला देवी आल्यात म्हण." चिऊ म्हंजे तिची पोरगी, पहिलीला हाये. देवी आलेल्या घरात कोण पाय ठेवतो? आन कुणाला रागबी नाय. देवीवर कोण रागावणार.
ताई हसाय लागली. "गण्या, तुला नरकात वेगळी खोली हाये."
"एसी असंल तर चालंल."
शेठ म्हणले, "देवाच्या नावानं असलं करू नये."
ताई म्हणली, "शेठ, मला संक्रांतीपर्यंत जगायचंय वो."
शिनोलीच्या अलीकडं गाडी थांबवून मीच चढलो लिंबावर. चांगला दाट डहाळा बघून तोडला. दाजींनी दाराला बांधला. चिऊला सांगितलं, शाळा बंद, आंगणात यायचं नाय. ती एवढी खूश झाली की मला पापा दिला.

३ डिसेंबर
जमलंय. गाव लांबनं जातं. बाया दह्याचा गडवा ओट्याच्या कडंला ठेवून हात जोडत्यात आन निघत्यात. दाजी ते दही आणून जेवत्यात. म्हणले, गण्या, लग्नात एवढं दही नव्हतं खाल्लं.
दाजी हसले ते लई दिवसांनी.

७ डिसें., सोमवार
थंडी वाढली. घाम नाय म्हंजे प्यालेलं पाणी आंगातच ऱ्हातं. ताईचे पाय सुजले. काट्यावर उभी ऱ्हायली तर सिस्टर ओरडली, किती पाणी पिताय? ताई म्हणली, गुळणी करून टाकती, गिळत नाय. मग तोंड फिरवून रडली.
येताना शेठनी तिला सांगितलं, "पाणी बंद केलंय असं म्हणायचं नाय. आज मी सोडलंय असं म्हणायचं. आमी पचखाण घेतो, म्हंजे नेम. दुसऱ्यानं मना केलं की तहान लागती. आपण सोडलं की थोडी कमी लागती."
"पुरी जात नाय?"
"पुरी कशी जाईल. मलाबी लागलीय आत्ता."
ताईनं हाताला नळी जोडायची नस मोठी करून घेतलीय, ती सारखी गुरगुरती. मी कान लावून म्हणलं, ताई, उचल ना फोन, कुणाचा तरी आलाय. हसली. नसती हसली तर बरं झालं असतं, असं तोंड व्हतं.

१० डिसें.
ताई म्हणली, "गण्या, घर एवढं गप कधी नव्हतं. कुणी हाक मारत नाय. शेजारची शांती रोज यायची निवडायला-टिपायला, तीबी नाय. माणसं नकोत म्हणलं आन माणसं गेली."
म्हणलं, काढू का डहाळा?
"नको. थोडे दिवस ऱ्हायलेत."
पयला वाळला व्हता. आज दुसरा तोडून दिला.

१४ डिसें.
शेठची मशीनवर शुद्ध गेली. बीपी पडलं. पाय वर करून, सलाईन लावून आणले माघारी. डोळं उघडलं तर मी म्हणलं, शेठ, वर दुकानं बंद व्हती का? म्हणले, "उघडी व्हती. तुझी उधारी बघून हाकललं मला." पण हात माझ्या हातात व्हता, आन गाडीतबी गिअरवरच्या माझ्या हातावरनं मंचर येईपर्यंत काढला नाय.

२१ डिसें., सोमवार
लिहू का नको.
मावशीला ताप. आळेफाट्याच्या डॉक्टरनं पुण्याला धाडली. शेजारचा पोरगा घेऊन आला, त्यानं गाडी लावताना मला सांगितलं.
बाजारात शिनोलीच्या कुणी बाईनं मावशीला सांगितलं, तुमच्या नातीला देवी आल्यात, पंधरा-वीस दिवस झाले दाराला लिंब हाये. आमी सगळ्या गावाला फसवलं, आण्याला कळवायचं कुणाच्या टकुऱ्यातच आलं नाय. मावशीनं फोनबी केला नाय. देवी घरात असताना विचारपूस केली तर कोपती म्हणत्यात. शिनोलीलाबी आली नाय. तिनं नवस धरला. आठवडाभर पहाटं आडावर आंघोळ, आन ओल्या लुगड्यानं तशीच चालत देवीच्या देवळात दहीभाताचा निवद घेऊन. पठारावरचं वारं, पौषातलं. त्यात आण्याची यात्रा लागली. तिथल्या गर्दीत आमटी-भाकर खाऊन पाच सवाष्णींच्या वट्या भरल्या. दुसऱ्या दिशी आंथरुणाला खिळली.
ताई मशीनवर व्हती. चार तास तिला सांगितलं नाय. सिस्टरला म्हणलं, झाल्यावर सांगतो.
सांगितलं. ती म्हणली, "डहाळा आपण लावला."
मी म्हणलं, मी लावला.
"हसले कोण? मी पण हसले ना."
तिनं दाजींना फोन लावला, म्हणली डहाळा काढा. एवढंच. नायतर शेठ आधी नारायणगावात उतरत्यात. आज म्हणले, हिला सोडून येऊ, मग मला सोड.

२४ डिसें.
मावशीचा रिपोर्ट आला. स्वाइन फ्लूच. वेगळा वार्ड, आक्सिजन. ताईला तिथं जायची बंदी. एकाच शहरात दोघी, ही मशीनवर, ती आक्सिजनवर. ताप कशानं आला? लुगड्यानं का गर्दीनं? डॉक्टरला इचारलं. म्हणले, गार पाण्यानं फ्लू होत नाय, तो माणसाकडनं माणसाला लागतो. म्हंजे यात्रेतनं. मग मला बरं वाटाय पायजे.
पण यात्रेत वट्या तरी कशापायी भरल्या तिनं.

२८ डिसें.
काचेतनं बघितली. बारकी दिसती. मला बघून हात हालवला, मग बोटानं इशारा, मंदी कशी हाये. मी आंगठा दाखवला. मग नेहमीसारखं तोंड वाकडं करून दाखवलं, ती हसावी म्हणून. तिला खोकला आला. सिस्टरनं मला हाकललं.
वाटंत एक भेळवाला व्हता, भेळ घेतली, खाल्ली नाय.

४ जानेवारी २०१०
मावशी जगंल, म्हणले डॉक्टर.
दाजी गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून उभे.

७ जाने., गुरुवार
मावशीला साध्या वार्डात आणली. ताई हॉलमधी गेल्यावर मी तिकडं गेलो. सगळं सांगितलं. देवी बिवी काय नव्हती, डहाळा मी तोडला, माणसं येऊ नयेत म्हणून.
मावशी म्हणली, "तुला दहावी आणता आली नाय रे गण्या. तू देवी आणणार?"
"मावशी, खरंच सांगतो."
"ती तिच्या पायानं आली. तू नुसता डहाळा धरला."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातनं गुन्हाबी काढून घेतला. मी निघालो तर परत बोलवलं.
"मंदीला सांगू नको मला कळलंय म्हणून. ती झुरंल."
ताईनंबी मला तेच सांगितलंय. आईला कळू देऊ नको म्हणून.

१४ जाने., संक्रांत
आज तारीख ठरायची व्हती. डॉक्टर म्हणले, आईच्या तापात तिच्याच किडन्यांवर ताण आलाय. रक्तातला आकडा वाढलेला हाये. उतरला तर बघू. नाय उतरला तर दुसरं कुणी हाये का देणारं? दाजींचा रक्तगट जुळत नाय. आजून कुणी नाय.
मी म्हणलं, मी हाये की. डॉक्टर म्हणले, नात्यातलं लागतं, नायतर कमिटी, कागदं, आन आधी घरचे काय म्हणत्यात बघ. घरी आईला नुसतं बोलून बघितलं. तिनं ताटावरनं उठून भांडी घासाय घेतली. जेवली नाय. म्हणली, "एका किडनीच्या पोराला पोरगी कोण देईल?"
दोन असताना तरी कोण देत व्हतं. पण हे बोललो नाय.
शेठनी तिळगुळ दिला. ताईनं एक तीळ काढून खाल्ला, बाकीचा मला दिला. "तू गोड बोल," म्हणली. "मला जमणार नाय आज."

२५ जाने.
शांती ताईकडं परत याय लागली. तिला खरं काय ते कुणी सांगितलं नाय. ती म्हणती, देवी सुखरूप गेली, आता मंदाचं सगळं चांगलं हुईल. ताई मान हालवती.
मी पैल्यांदाच कुणाची टिंगल न करता आख्खी फेरी केली. शेठ म्हणले, "आजारी हायेस का? ताप बघू." आन खरंच कपाळाला हात लावला.

८ फेब्रुवारी, सोमवार
आज गाडीत मावशीपण. तिच्या तपासण्या परत करायच्या व्हत्या. डॉक्टरनं तिला बजावलंय, दिवसभर पाणी पीत ऱ्हावा, किडनी धुवून निघू द्या, तेवढाच उपाय. शेजारी ताई, जिला घोट मोजून.
मायलेकी तापानंतर पयल्यांदा भेटल्या. एकमेकीचा हात धरून बसल्या. मंचर सुटलं तरी मावशीनं बाटलीला हात लावला नाय. बाटली पदराखाली.
म्हणलं, मावशी, प्या की.
"तहान नाय रे."
व्हट पांढरे पडलेले.
खेडचा घाट उतरल्यावर म्हणली, "गण्या, थांबव जरा. मला जायचंय." थांबवली. ती कुठं गेली नाय. गाडीच्या मागं उभी ऱ्हाऊन पाणी प्यायली. आख्खी बाटली, मान वर करून, थांबत नव्हती. बाजूच्या आरशात मला दिसत व्हतं. ताई त्याच बाजूला बसलेली, तिलाबी दिसत व्हतं.
ताईनं काच वर घेतली. म्हणली, "शेठ, कांद्याला काय भाव हाये वो सध्या?"
शेठनी सांगितला. लई सावकाश सांगितला. नारायणगावचा, मग मंचरचा, मग चाकणचा, कुठं वल्ला, कुठं वाळलेला, मावशी माघारी येऊन बसंपर्यंत.
मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "झालं गं," म्हणली.
ताई म्हणली, "बरं झालं."
मावशीचं रक्त दिलंय तपासायला. रिपोर्ट गुरुवारी.