कासुर टेकडीवरचा शिलालेख

कासुर टेकडीचा पायथा, चियांजुर
शुक्रवार

अंबू, माझे आई, थोरल्याचा तुझ्या हातांवर माथा टेकून सलाम.

आम्ही दोघे भाऊ खुशाल आहोत. यायान वाळला आहे, पण भात दोनदा मागून घेतो. तुझे गुडघे कसे आहेत?

सोमवारी शाळेत हजर झाला नाहीस तर नोकरी जाईल, हे मी त्याला आल्याआल्याच सांगितलं. त्यावर त्याने मला टेकडीवर नेलं. ही टेकडी नव्हेच म्हणे. पुरातन महाज्ञानी लोकांनी रचलेला मनोरा आहे. वर सहा कोनांचे दगडी खांब ओळीने पडलेत.

"हे आपोआप झालं, दादा?"

सहा कोन आपोआपही होतात हे दाखवायला जवळपास मधाचं पोळं नव्हतं.

मग तिरक्या रेघांचा एक दगड दाखवून म्हणाला, "हा शिलालेख. तुमचं संस्कृत कधी कामाला येणार? वाचा!"

मी चष्मा पुसत होतो, तोच कसावाच्या कंदांच्या मळ्यातून पायथ्याच्या वस्तीतल्या एरुमआजी आल्या. दगडावर पाणी शिंपडून त्याच रेघांत कोयता घासू लागल्या.

"सरका मास्तर. आजोबांपासून आम्ही इथेच धार लावतो."

प्रत्यक्षाला प्रमाण लागत नाही, असं मी वीस वर्षं शिकवत आलो. यायानने शांतपणे वही उघडली.

"आजी, तुमच्या आजोबांना हा दगड कोणी दाखवला?"

"त्यांच्या आजोबांनी."

"बघा दादा! या त्या महाज्ञान्यांच्याच वंशातल्या!"

तेव्हा अंबू, रविवारी मी एकटाच येतो आहे. मुख्याध्यापकांना कळव, यायानला ताप आहे. फारसं खोटं ठरणार नाही.

तुझ्या दुआंवर निभावणारा,
सुहेर्मान