हात सर्वांत शेवटी

३ ऑक्टोबर
प्रिय पत्नी हॅरिएट ल्युसिंडा ब्रॅकेट, मी सुखरूप पोहोचलो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरील हे गाव तुला आवडले असते. वाचनालयाच्या दालनात भिंतभर चित्र काढायचे आहे: जुन्या महाकाव्यातील राणी खिडकीशी उभी, दारात परतलेला राजा. ग्रंथपाल पेल्टियर बाईंनी ब्लूबेरीची पेस्ट्री खाऊ घातली आणि किल्ल्या देताना बजावले की, काम संपताच त्या परत हव्यात. तीस वर्षे माझ्या चित्रांतली प्रत्येक नायिका तूच होतीस. विष प्यायलीस, बुडालीस, चितेवर चढलीस. एकदा तरी मला जिवंत रंगव, असे तू म्हणायचीस. ही राणी जिवंत असेल.

९ ऑक्टोबर
राणी पूर्ण झाली. चेहरा तुझाच. राजाची नुसती बाह्यरेषा आहे. नेहमीच्याच क्रमाने जाईन: पाय, धड, चेहरा, आणि हात सर्वांत शेवटी. माझ्या चित्रांतल्या माणसांना शेवटपर्यंत नाकही खाजवता येत नाही, अशी तू थट्टा करायचीस.

१३ ऑक्टोबर
जेवून परतलो तो राजाचे पाय रंगलेले. रंग ओला, फटकारे माझेच. मी रंगवल्याचे मात्र स्मरत नाही. पेल्टियर बाई म्हणाल्या, "अहो ब्रॅकेटसाहेब, राजाला तुमचेच बूट घातलेत की." परतताना जिन्यात पायांना पायऱ्या जाणवल्या नाहीत.

१६ ऑक्टोबर
आज धड रंगले. खुर्चीतून उठता येत नाही. बाई सूप ठेवून गेल्या. कलावंत असेच तंद्रीत बसतात, असे बाहेर कुणाला तरी सांगत होत्या. मी हाक मारली नाही. राणीची पापणी हलली होती. वाटले, तू क्षमा करशील.

१७ ऑक्टोबर
खरे लिहितो. शेवटच्या चित्राला बसलीस तेव्हा तुला ताप होता. तू पाणी मागितलेस. तो फिकटपणा मला पुन्हा मिळाला नसता. मी म्हणालो, हलू नकोस. तीन तास तू हलली नाहीस. नंतर कळले की, तुझा श्वास केव्हाच थांबला होता —

१८ ऑक्टोबर
चेहरा रंगला. ओठ उघडत नाहीत. चित्रातली खिडकी रिकामी — मागे ओल्या रंगाचा वास — कानाशी तुझा आवाज:
"हलू नकोस."

१९ ऑक्टोबर
डावा हात रंगवून तू बाहेर गेलीस. दाराशी बाईंना सांगते आहेस की, मी त्यांची पत्नी, साहेब पुढे बोस्टनला गेले. वार्निश वाळेपर्यंत महिनाभर आत कुणी जाऊ नये — बाई हो म्हणाल्या — उजव्या मनगटापर्यंत रंग — तहान —
दाराला कुलूप लागले. किल्ल्या परत के