लेकीच्या घरचं पाणी

आबा, काल धुळ्याच्या मोठ्या दिरांचा फोन आला होता. त्यांनाही तोच कॅन्सर निघाला आहे, प्रोस्टेटचा, आणि पुढच्या आठवड्यात ती ग्रंथी काढून टाकायची आहे. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाहेर हे त्यांना समजावत होते, "लघवीची नळी निघाल्यावर लघवी गळते भाऊ, काही महिने गळते. पण पाणी तोडू नका. आमच्या सासऱ्यांनी गादी भिजेल म्हणून पाणी पिणं सोडलं होतं, त्यांचे फार हाल झाले." तव्यावरची भाकरी करपली, तरी मी तिथेच उभी होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि हे मला भाकरी थापताना कळावं?

आपल्याकडची रीत तुम्ही कधी मोडली नाहीत. लेकीच्या पोटी मूल होत नाही तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मला मूल झालं नाही, म्हणून तुमची रीत संपलीच नाही. चोपड्याहून एसटीने जळगावला यायचात, सोबत पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेली भाकरी. बाटली संपली की शेजारच्या खालांकडे जाऊन पाणी मागायचात, वर चहाही प्यायचात. खाला मला चिडवायच्या, "तेरे अब्बा को हमारा पानी चलता है, तेरा नहीं चलता! अजीब बात है." तुम्ही ओशाळून हसायचात. मीही हसायचे, आणि तुम्ही गेल्यावर भांडी आपटायचे.

मग तुमचा तो रिपोर्ट आला. जळगावच्या त्या डॉक्टरांची केबिन मला अजून दिसते आहे. भिंतीवर पुरुषाच्या पोटाचं चित्र, टेबलावर प्लास्टिकचा नमुना. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर अजून ग्रंथीतच आहे, पूर्ण ग्रंथी काढली तर बरे होण्याची चांगली आशा आहे. तुम्ही म्हणालात, "काढी टाका डॉक्टर. आते काय त्यानं लोणचं घालनं शे?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, आता नंतरचे त्रास सांगतो. त्याबरोबर तुम्ही माझ्याकडे वळलात. "बेटा, तू बाहेर बस. हाई गडीमानसंसनं बोलणं शे." मी बाहेर बाकावर बसले. नंतर ह्यांना विचारलं, तर म्हणाले, थोडा अशक्तपणा राहील. बास, एवढंच. तुम्ही दोघांनी मिळून मला एवढंच द्यायचं ठरवलं होतं, हे काल समजलं.

ऑपरेशन चांगलं झालं. गावाकडे एकटे कसे राहणार, म्हणून तुम्हाला घरी आणलं. पहिल्यांदाच तुम्ही माझ्या घरी मुक्कामाला होतात आणि नळीची पिशवी पलंगाला लटकत होती, त्या दिवसांत तुम्ही माझ्या हातचं सगळं घेतलंत. वरणभात, ताक, तांब्या भरभरून पाणी. "डॉक्टरनी सांगेल शे," असं म्हणायचात, जणू देवासमोर सफाई देता आहात. मी दिवसभर तांब्या भरत राहायचे. मला वाटायचं, उशिरा का होईना, रीत संपली.

मग नळी निघाली आणि तांब्या भरलेलाच राहू लागला. जळगावचा तो उन्हाळा, कूलरसमोरसुद्धा अंग भाजत होतं, आणि तुम्ही गोळीपुरता घोट घ्यायचात. ओठ फुटले होते. उजाडायच्या आत उठून स्वतःचा पायजमा स्वतः धुवायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत. हे बाजारातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणायचे, विचारलं की ड्रेसिंगचं सामान म्हणायचे. मी सगळ्याचा एकच अर्थ लावला. गरज होती तोवर लेकीचं पाणी चाललं, गरज संपली आणि ते पुन्हा वर्ज्य झालं.

त्या दुपारी मी ग्लास पुढे केला, तुम्ही मान हलवलीत. "तहान नही लागनी बेटा." माझा तोल गेला. म्हणाले, "औषधाला चालतं आणि तहानेला चालत नाही? मूल नाही म्हणून माझं पाणी बाटलंय का, आबा?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चादर गुडघ्यांवर ओढून घेतलीत. मग हळूच म्हणालात, "तसं शे तर तसं समज."

मी तसंच समजले. दोन दिवसांनी तुम्ही चोपड्याची एसटी धरलीत, आणि मी अडवलं नाही. कॅन्सर पुन्हा आला नाही, तुम्ही हृदयाच्या झटक्याने गेलात. मधल्या काळात मी गावी यायचे. तुम्ही ओसरीवर माझ्यासाठी खाट टाकायचात, आपण लांब भिंतीशी बसायचात, स्वतः उठून मला पाणी आणून द्यायचात. मी ते घटाघट प्यायचे आणि मनात म्हणायचे, बघा, मला चालतं. तुम्ही मात्र पुन्हा माझ्याकडे राहायला आला नाहीत. आता कळतं, तुम्ही लांब बसायचात ते वास येईल या भीतीने.

काल फोन ठेवल्यावर मी ह्यांच्यावर ओरडले. हे म्हणाले, "त्यांनी शपथ घातली होती. रोज माझ्याकडून पॅड बदलून घ्यायचे आणि रोज तेच सांगायचे. 'मनी ओली गादी पोरनी उचलनी, त्यानापेक्षा तहान बरी.'" आबा, लहानपणी माझी ओली दुपटी तुम्ही उचललीच असतील ना? मी एकदा तुमची गादी उन्हात टाकली असती, तर काय झालं असतं? कोणी पाहिलं असतं, तर खाला हसल्या असत्या फार तर, आणि तुम्हाला चहा दिला असता.

हे लिहून मी कुठे पाठवणार. पण एक गोष्ट ह्यांनाही सांगितलेली नाही. तुम्ही लाजेने किती सुकलात, हे ऐकल्यावर मला आधी रडू यायला हवं होतं. ते नंतर आलं. आधी, क्षणभर, मला आनंद झाला, की तुम्ही माझं पाणी नाकारलं नव्हतं.