लोभ असावा, खाऊ नसावा

अवसरी खुर्द
२८ सप्टेंबर २०२४

ती. स्व. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

तळेघरला फोन लागला तरी निम्मंच ऐकू येतं, आणि हा विषय निम्मा ऐकून चालणार नाही, म्हणून हे पत्र.

आरोहीच्या फिटांपुढे एकामागून एक औषधं थकली, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी हा आहार दिला आहे, हे आपल्याला माहीत आहेच. लोणी, तूप, खोबरेल, अंडी काट्यावर तोलून द्यायची. भात-भाकरी जवळजवळ नाही, साखर अजिबात नाही. अंगाला तुपावर चालायची सवय लागली की काही मुलांचे झटके कमी होतात. ही सवय एका बत्ताशानेही मोडू शकते.

आरोहीला ती लागत आली होती. मग आम्ही गौरींना गावी आलो. भागूमावशींनी बत्तासा दिला, शेजारून बिस्कीट आलं, आणि आपल्या तात्यांनी नातीला पेढा भरवून वर सांगितलं की प्रसाद मोजायचा नसतो. परतताना घोडेगावच्या स्टँडवर तिला जोराची फीट आली. लोकांनी तिच्या नाकाला चप्पल लावली. चप्पल कुणाची होती, ते अजून कळलेलं नाही.

डिसेंबरात डॉक्टर बघणार आहेत. फरक दिसला तर आहार पुढे चालू, नाहीतर बंद. बंद झाला तर पुढे काय, हे मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

म्हणून दिवाळीला आम्ही येत नाही. राग मानू नये. लोभ असावा, खाऊ नसावा.

आपली सून,
मोहिनी

तळेघर
७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, पेढ्याचा भाग दोनदा.

गावात सांगून पाहिलं की पोरीला पथ्य आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एवढ्याशानं काय व्हतंय म्हणाले. भागूला तर तुझ्या डॉक्टरच्या शिक्षणाचीच शंका आहे. तिला स्वतःला शुगर आहे आणि तिच्या डॉक्टरनं तूपच बंद केलंय.

मग मी सांगून टाकलं की पोरीसाठी लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला नवस बोललाय. तिनं गोड आणि भात शिवायचा नाही, आणि जो देईल त्याच्या घराला दोष लागेल. सगळे गप्प झाले. डॉक्टरला कुणीच भीत नाही गं इथं, देवाला भितात.

तर दिवाळीला या. माझा भरवसा वाटत नसेल तर तसं स्पष्ट लिही. मला वाईट वाटेल, पण माझं वाईट वाटणं पोरीपेक्षा मोठं नाही. तुझा तो काटा आठवणीनं आण. सगळ्यांवर माया असू दे, तुझ्या सासऱ्यांवरसुद्धा.

कुशाबाई

अवसरी खुर्द
१४ डिसेंबर २०२४

ती. स्व. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. झटके अगदी क्वचित येतात. डॉक्टर म्हणाले, असंच टिकलं तर साधारण दोन वर्षं आहार चालवू. ते खाली मान घालून लिहीत होते आणि मी रडत होते. आपला लेक आदेश मात्र पार्किंगमधून गाडी बाहेर कुठून काढायची, ते विचारत बसला.

हे यश दिवाळीतल्या आपल्या बंदोबस्ताचं आहे. तात्या पोरीमागे पोलिसासारखे फिरले. दारोदारी लोकांनी तिला फुलं दिली, टिकल्या दिल्या, कुणी नुसताच हात फिरवला. भागूमावशींच्या हातात लाडू होता. नवस आठवताच त्यांनी तो घाईनं स्वतःच्या तोंडात टाकला. त्यांच्या शुगरचं आपण बघावं.

एक विचारायचं राहिलं. घरात नवा तांदूळ शिजला होता, आपल्याच खाचरातला, आणि आपण मात्र नाचणीची भाकरी घेऊन बसलात. दाढ दुखते म्हणालात. दाढ दुखते म्हणून भात सोडून भाकरी चावणारं माणूस मी प्रथमच पाहिलं. खरं काय ते कळवावं. लोभ आहे, म्हणूनच ही चौकशी.

आपली,
मोहिनी

तळेघर
२३ डिसेंबर २०२४

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे सासरे उठून गोठ्यात गेले ते बराच वेळ आले नाहीत. गोठ्यात काही काम नव्हतं.

दाढ बरी आहे. गाव गप्प झालं, पण देवाच्या नावावर खोटं बोलले ते मनाला लागून राहिलं. उद्या खोट्याचं फळ पोरीच्या वाट्याला आलं तर? म्हणून दसऱ्यानंतर एसटीनं लेण्याद्रीला गेले, पायऱ्या चढले आणि नवस खरा करून आले. पोरीचं पथ्य डॉक्टरचं, त्यात देवाला मधे कशाला आणू? माझ्या तोंडचा भात सोडला.

मुदत तेवढी बोलायची राहिली होती, कारण ती मलाच माहीत नव्हती. आता दोन वर्षं असं तू लिहिलंस, तसं देवाला कळवलं.

यंदाचा तांदूळ गोड निघालाय म्हणतात. तुझे सासरे जेवताना रोज सांगतात, कुणी विचारलेलं नसताना.

पोरीला यातलं काही सांगू नको. तिचं पथ्य सुटेल तेव्हा तिला इथं घेऊन ये. पहिला घास मी तिला भरवीन, दुसरा तिनं मला भरवायचा. तोवर नुसता लोभ असू दे.

कुशाबाई